भाऊजींच्या गिटारचा रंग

वहिनींनी चौतीस वर्षं कवळ्या केल्या. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीशी त्यांचं टेबल. डॉक्टर पुढे पेशंटच्या तोंडाचा साचा घ्यायचे, तो मागे वहिनींकडे यायचा, आणि मग त्या मेणात एकेक दात बसवत जायच्या. पेशंटचं तोंड त्यांनी क्वचितच पाहिलं. त्यांच्याकडे यायचा तो प्लास्टरचा जबडा आणि सोबत एक चिठ्ठी. तरीसुद्धा रस्त्यानं जाताना समोरून कुणी हसत आलं, की त्या नवऱ्याला कोपरानं ढोसून हळूच म्हणायच्या, "वरचे माझे."

त्यांना वहिनी म्हणायचा तो खरं तर एकटा त्यांचा धाकटा दीर. पण तो दवाखान्यात डबा द्यायला यायचा, मोठ्यांदा हाक मारायचा, आणि ती हाक तिथेच चिकटली. डॉक्टरसुद्धा वहिनीच म्हणायला लागले.

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि त्यांचे हात शिवशिवत होते. घरातले सगळे नळ घासून झाले, दारांच्या कड्या झाल्या, चमच्यांचे दांडे झाले. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी एक दिवस आपल्या पट्ट्याचं बक्कल इतकं लखलखताना पाहिलं, की ते वैतागून म्हणाले, "अगं, आता माझ्या टकलाला तेवढं पॉलिश लावायचं बाकी ठेव."

त्याच सुमारास या दिरानं, म्हणजे भाऊजींनी, घर बदललं. भाऊजी एकटा जीव. पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करायचे, आणि कचेरीला अगदी लागून एक खोली मिळाली म्हणून जुनी दोन खोल्यांची जागा सोडत होते. सामान बांधायला मास्तर आणि वहिनी गेले. दुपारपर्यंत खोकी भरून झाली. दाराबाहेर, फेकायच्या ढिगात, मोडक्या खुर्चीला टेकवून एक गिटार उभी होती. काळीकुट्ट, चार जाड तारांची, त्यातली एक तुटून गोल गुंडाळलेली.

"ही फेकताय?" वहिनींनी विचारलं.

"वाजत नाही, वहिनी. आणि मीही वाजवत नाही. दोघांचं जमलंय."

ही भाऊजींची बेस गिटार. तरुणपणी ते नदीकाठच्या एका हॉटेलात बँडमध्ये वाजवायचे, तब्बल अकरा वर्षं. लोक गाणाऱ्याकडे बघत, फार तर ड्रमवाल्याकडे. मागे उभं राहून ढुम ढुम करणाऱ्या या उंच, लाजऱ्या माणसाकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. मास्तरांनी त्यांचं नाव ढुम्या ठेवलं, ते पन्नाशी उलटली तरी सुटलं नव्हतं.

वहिनींनी गिटार उचलली. लहान मूल कडेवर घ्यावं तेवढं वजन होतं. काळा रंग जाड, ब्रशच्या रेघा उठलेल्या, कडेला पोपडे धरलेला. त्यांनी नखानं एक पोपडा उचकटला आणि म्हणाल्या, "मी नेते."

"अगं, घरात मुंगीला जागा नाही," मास्तर म्हणाले. वहिनींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गिटार चादरीत गुंडाळली.

या नेण्याला एक कारण होतं. ते त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. वहिनींच्या लग्नानंतरची पहिली तीन वर्षं भाऊजी त्यांच्याकडेच राहायचे, बाहेरच्या खोलीत. गिटार नवीकोरी होती, ते सारखी वाजवायचे. मग मुलगी झाली. रात्रीची जागरणं, दिवसा काम, डोकं नुसतं ठणकत असायचं. एक दिवस संध्याकाळी वहिनी बाहेरच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "भाऊजी, घरात तेवढं नका वाजवू." आवाज चढवला नव्हता, पण शब्द बोचरे होते. भाऊजींनी मान हलवली. त्यानंतर त्या घरात वहिनींना गिटार कधी ऐकू आली नाही. वर्षभरात भाऊजींनी वेगळी जागा घेतली. भांडण नाही, अबोला नाही, येणं-जाणं पहिल्यासारखंच. पण ते वाक्य वहिनींच्या मनात कुसळासारखं राहिलं होतं.

बाल्कनीत जुनी वर्तमानपत्रं पसरून त्यांनी काम सुरू केलं. आधी तारा काढल्या. मागचे चार लांब स्क्रू सोडवले तशी मान धडापासून अलगद वेगळी झाली. मास्तर दारातून पाहत होते. "हे तर टेबलाच्या पायासारखं निघालं," ते म्हणाले. त्यांना वाटलं होतं आत काही गूढ असेल.

रंग काढायचं रसायन ब्रशनं फासलं, की काळा थर पाच मिनिटांत सुरकुतायचा आणि पत्र्याच्या पट्टीनं ओढला की सोलून यायचा. सपाट भाग भराभर झाला. खोबणीत, स्क्रूंच्या भोकांशी, वळणावळणावर मात्र पट्टी शिरेना. तेव्हा वहिनींनी मेण कोरायच्या आपल्या बारीक सुऱ्या बाहेर काढल्या. निवृत्तीच्या दिवशी डॉक्टरांनी त्या डबीसकट त्यांना देऊन टाकल्या होत्या. चौतीस वर्षांची सवय, हात आपोआप चालू लागला. जेवायच्या वेळेला मास्तरांना दोनदा हाक मारावी लागली.

काळ्याच्या खाली रंगाचे तुकडे दिसायला लागले. भाऊजींनी काळा लावण्याआधी मूळचा रंग घासून टाकला होता, पण कडेकपारीत तो उरला होता. फिकट, जुन्या काचेच्या बाटलीसारखा हिरवा. वहिनींनी भाऊजींना फोन लावला.

"गिटारचा मूळ रंग कुठला होता हो?"

"निळा."

"इथे हिरवा दिसतोय."

"निळा होता, वहिनी. ती दुकानाच्या काचेत सहा महिने उभी होती, मी रोज कामावरून येताना तिच्यापुढे थांबायचो. मला नाही कळणार?"

"आणि काळी कशी झाली?"

"हॉटेलात शेवटी शेवटी नवा मॅनेजर आला. त्याला सगळं काळं पाहिजे होतं. कोट काळे, बूट काळे, वाद्यं काळी. बाकीच्यांनी नवी घेतली. माझ्याकडे दाराला लावायचा ऑइलपेंट होता, त्यानंच एका बैठकीत रंगवली. त्यानंतर तिच्याकडे नीट बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी गिटारच्या पुढची प्लास्टिकची पाटी काढली. अकरा स्क्रू, त्यातले दोन गंजून बसलेले. पाटी उचलली आणि त्या जागीच हसू लागल्या. पाटीखाली, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं आणि काळा ब्रशही पोचला नव्हता, तिथे हाताच्या तळव्याएवढा स्वच्छ, फिकट निळा रंग होता.

दोघंही खरं बोलत होते. रंगावरचं पारदर्शक लॅकर वर्षानुवर्षं उजेडात पिवळं पडत जातं, आणि पिवळ्यातून पाहिलं की निळा हिरवा दिसतो. वहिनींना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दातांचं तेच असतं. आतला दात तसाच, वरून पिवळेपणा चढत जातो, आणि रोज आरशात पाहणाऱ्याला तो बदल कळतच नाही.

आता प्रश्न होता तो कुठला रंग द्यायचा. मास्तरांचं मत सोपं होतं. "दुकानात होता तो निळा द्या आणि मोकळ्या व्हा."

"तसं नसतं," वहिनी म्हणाल्या. "साठीच्या माणसाला विशीतले पांढरे दात बसवले तर तो हसला की लोक दचकतात."

गाड्यांच्या रंगाच्या दुकानात त्या पाटीखालचा रंग दाखवायला अख्खं धड घेऊन गेल्या. रंगवाल्यानं निळा बरोबर जुळवून दिला. मग वहिनींनी वरच्या लॅकरमध्ये थोडी पिवळी-तपकिरी छटा घालून मागितली, तेव्हा त्यानं हातातलं काम थांबवलं. "बाई, माझ्याकडे लोक पिवळेपणा घालवायला येतात. तुम्ही पहिल्याच, विकत न्यायला आलात." पण त्यानं करून दिलं, एक थेंब, दोन थेंब, असं पाच निरनिराळ्या बाटल्यांत.

घरी वहिनींनी आइस्क्रीमच्या पाच काड्यांवर निळा लावला आणि प्रत्येकीवर वेगळं लॅकर. दवाखान्यात दातांचे सोळा नमुने एका पट्टीवर अडकवलेले असायचे, तशा त्या काड्या पुठ्ठ्यावर खोचल्या आणि भाऊजींच्या नव्या खोलीवर गेल्या. खोली लहान होती, खिडकी मोठी. त्यांनी पुठ्ठा खिडकीत ठेवला.

"यातली तुमची कुठली? विचार करू नका, पटकन सांगा."

भाऊजींनी मधल्या काडीवर बोट ठेवलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "उगीच कशाला एवढे कष्ट घेताय? ती काही आता वाजायची नाही."

"ते मी बघते. तुम्ही येऊन एकदा बघून तरी जा."

"नको. उघडंवाघडं लाकूड मला बघवणार नाही. झालं की सांगा."

लाकूड घासायला सहा दिवस लागले. आधी खरखरीत कागद, मग मध्यम, मग बारीक. पट्टा अडकवायचा खिळा जिथे सैल झाला होता, त्या भोकात वहिनींनी दात कोरायच्या काड्या गोंदात बुडवून ठोकल्या आणि वर तासून सपाट केल्या. खालच्या कडेला एक खोल खड्डा होता, तो लाकडाच्या भुश्यात गोंद कालवून भरला. अस्तराचे दोन थर, ते घासले. मग गच्चीवर एक मोठं खोकं आडवं ठेवून, त्यात धड टांगून, तोंडाला फडकं बांधून निळा फवारला. पहिल्याच थराला एक माशी येऊन बसली. वहिनी तिला चिमट्यानं उचलेपर्यंत ती चार पावलं चालली होती. तो भाग पुन्हा घासावा लागला. पण तिसऱ्या थराला निळा असा काही उघडला, की मास्तर वर्तमानपत्र हातात घेऊन गच्चीवर आले आणि न वाचता उभे राहिले.

घोटाळा झाला तो पुढे. लॅकर फवारायच्या दिवशी हवा दमट होती. वहिनींना ते जाणवलं होतं, पण उत्साह नडला. दोन थर मारून त्या खाली गेल्या आणि तासाभरानं वर येऊन बघतात तर सगळ्या रंगावर दुधाळ साय आलेली. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. फडक्यानं पुसून पाहिलं, जाईना. महिन्याभराची मेहनत पाण्यात गेली असं वाटून त्या तिथेच पालथ्या बादलीवर बसल्या.

मास्तरांनी चहा वर आणून दिला. सल्ला दिला नाही, हे विशेष. नुसतं म्हणाले, "त्या रंगवाल्याला विचारू या का? मी येतो बरोबर."

रंगवाल्यानं फोटो पाहिला आणि मान डोलावली. "दमट हवेत मारलंत ना? पाणी अडकलंय त्याच्या पोटात. घासू नका, काढू नका. लख्ख कोरड्या दिवशी नुसता थिनर फवारा, लांबून, हलक्या हातानं. लॅकर परत ओलं होतं आणि पाणी वाट काढून निघून जातं."

चार दिवस वहिनी खिडकीतून आभाळाकडे बघत होत्या. मास्तर भूगोलाचे, ते सकाळ-संध्याकाळ वाऱ्याची दिशा सांगायचे, आणि या वेळी प्रथमच घरात त्यांचं कुणी कान देऊन ऐकत होतं. पाचव्या दिवशी दोरीवरचे टॉवेल तासाभरात खडखडीत वाळले. वहिनी वर गेल्या. पहिल्या फवाऱ्याला काहीच झालं नाही. दुसऱ्याला कडेची साय विरळ झाली, आणि मग डोळ्यांदेखत ती आत आत सरकत नाहीशी झाली. खालून भाऊजींच्या काडीवरचा तो रंग वर आला. वहिनींनी फडकं तोंडावरून खाली ओढलं आणि मोठा श्वास सोडला.

पुढचे पाच थर त्यांनी डोळ्यांत तेल घालून मारले. मग धड महिनाभर मुलीच्या जुन्या खोलीत, मास्तरांच्या पुस्तकांमध्ये टांगून ठेवलं, कारण लॅकर वरून वाळलं तरी आतून कडक व्हायला वेळ घेतं. मास्तर त्या खोलीत पुस्तक आणायला गेले की दार उघडताच दचकायचे. "कुणीतरी पाहुणा उभा आहे असं वाटतं," अशी त्यांची रोजची तक्रार होती.

मधल्या काळात वहिनींनी मानेचं काम काढलं. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, त्या एकेक करून चकाकवल्या. लाकूड कोरडं पडलं होतं, त्याला तेल पाजलं. आतल्या वायरींचं मात्र त्यांना काही कळत नव्हतं. ते घेऊन त्या कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. म्हातारा जाड भिंगातून पाहत म्हणाला, "काही मेलेलं नाही यात. एक जोड सुटलाय आणि बटणात धूळ आहे." त्यानं टाका मारला, बटणं धुतली, आणि वाजवून बघायला स्वतःचा एक जुना स्पीकर उसना दिला.

महिना संपला. साबणाच्या पाण्यात भिजवलेला अतिबारीक कागद, मग पॉलिशची पेस्ट, मग मऊ फडकं. हे तर वहिनींचं रोजचंच काम. शेवटी गिटारमध्ये खिडकीच्या चारही चौकटी दिसू लागल्या. त्यांनी मान बसवली, चार स्क्रू पिळले, नव्या तारा चढवल्या आणि भाऊजींना रविवारी दुपारी बोलावलं.

भाऊजी आले, चपला काढल्या, आत पाहिलं आणि दारातच थांबले. गिटार दिवाणावर ठेवली होती.

"हाच," ते म्हणाले. "बघा, मी सांगत होतो. निळा."

"हिरवट आहे," मास्तर म्हणाले.

"दादा, निळा आहे."

"तू डोळे तपास, ढुम्या."

वहिनी मध्ये पडल्या नाहीत. भाऊजींनी गिटार मांडीवर घेतली, एका बाजूनं उचलून मानेच्या रेघेवरून डोळा फिरवला, किल्ली मागून घेऊन मान सरळ ठेवणारी आतली सळई जरा पिळली, पुन्हा पाहिलं. कान तारांजवळ नेऊन सूर लावला. मग स्पीकर सुरू करून सगळ्यांत जाड तार छेडली. कपाटाच्या काचा थरथरल्या. मास्तर उठले, वर्तमानपत्राच्या घड्या करून काचांच्या फटीत कोंबू लागले. भाऊजी वाजवत राहिले. आधी बोटं अडखळत होती, एक सूर दबायचा, दुसरा खरखरायचा. पाच-सहा मिनिटांनी ती आपली वाट ओळखू लागली. गाणं असं नव्हतं ते. चारच सूर होते, संथ, फिरून फिरून येणारे.

ते थांबले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मीच तुम्हाला म्हटलं होतं, घरात वाजवू नका." इतक्या वर्षांनी तोंडातून निघालं ते इतकं साधेपणानं, की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"म्हणाला होतात," भाऊजी म्हणाले. "बाळ झोपत नाही म्हणून."

"तुम्हाला लागलं असेल."

"जरासं. पण मी ऐकलं कुठे?" भाऊजींच्या चेहऱ्यावर मिश्कील हसू आलं. "तुम्ही दवाखान्यात, दादा शाळेत. सकाळी बाळ माझ्याकडेच असायचं ना? रडायला लागली की मी गिटारचं टोक तिच्या पाळण्याच्या दांड्याला टेकवायचो आणि हळूच वाजवायचो. स्पीकरबिकर काही नाही. लाकडातून तिला ते जाणवायचं. हे आत्ता वाजवलं ना, तेच. दोन मिनिटांत झोपायची. तुम्ही घरी आल्यावर म्हणायचात, भाऊजींच्या हाताला गुण आहे."

वहिनी म्हणाल्या, "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर बंद केलं असतंत."

मास्तर काचा सोडून मागे वळले. "म्हणजे माझी मुलगी त्या ढुम ढुमवर वाढली," ते म्हणाले. "तरीच भूगोलात कच्ची." वहिनींना हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांना पदर लावावा लागला. हसण्यामुळेच, असं त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. वेगळी जागा का घेतली, हेही मग निघालं. पाणीखात्याची नोकरी लागली होती आणि कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, एवढंच.

भाऊजींनी गिटार घरी नेली नाही. नव्या खोलीच्या भिंती पातळ होत्या, पलीकडची बाई शिंकली तरी ऐकू यायचं. ते दर रविवारी दुपारी येऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांच्या अंगठ्याचा ठसा चकचकीत लॅकरवर उमटला होता, तो वहिनींनी ते जायच्या आधीच फडक्यानं घालवला आणि हात धुऊन वाजवायची ताकीद दिली.

तिसऱ्या रविवारी त्यांनी गिटार वहिनींच्या मांडीवर ठेवली. "इथे दाबा. धातूच्या पट्टीच्या अगदी जवळ, पण तिच्यावर नको."

वहिनींनी दाबलं. "दुखतंय."

"दुखणारच. पंधरा दिवस."

"आणि मग?"

"मग दुसरं बोट दुखायला लागतं."

वहिनींनी चष्मा नाकावर नीट बसवला, मेणात दात बसवताना लावायच्या तसा, आणि पुन्हा दाबलं. या वेळी सूर स्वच्छ निघाला, पुरता, आणि बराच वेळ टिकला. दूध संपलंय, आणायला जाऊ का, असं मास्तरांनी आतून विचारलं. दोघांच्या माना तारांवरच वाकलेल्या होत्या, तेव्हा ते पिशवी घेऊन गेले.